पॉपकॉर्नवाल्याला पगार असतो

१८५२ सालच्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या विनिपेसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल या दोन विद्यापीठांच्या मुलांनी वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत लावली. अमेरिकेतल्या आंतरमहाविद्यालयीन खेळांचा इतिहास या शर्यतीपासून मोजतात. तिचा खर्च उचलला होता एका रेल्वे कंपनीने. सरोवराकडे जाणाऱ्या गाडीला प्रवासी हवे होते, आणि प्रवासी आणायला काहीतरी तमाशा हवा होता. मुलांना जाण्यायेण्याचा, राहण्याजेवण्याचा खर्च मिळाला, वर सुट्टीही झाली. पहिल्याच सामन्याला प्रायोजक होता, जाहिरात होती आणि खेळाडूंच्या पदरात काहीतरी पडलंही होतं. हौशीपणाचं सोवळं नंतर नेसवलं गेलं.

ते सोवळं कोणी नेसवलं, का नेसवलं आणि आता ते फेडताना एवढी ओढाताण का चालली आहे, हा या लेखाचा विषय. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा गॅदरिंगच्या आठवड्यात उरकायचा प्रकार नाही. तिथला कॉलेज फुटबॉल (आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा) आणि कॉलेज बास्केटबॉल हे अब्जावधी डॉलरचे धंदे आहेत. ते खेळणाऱ्या अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांना मोबदला काय मिळावा, यावर तिथे शंभर वर्षं वाद चालू आहे. गेल्या चार-पाच वर्षांत तो वाद उलटापालटा झाला. मुलांच्या हातात पैसा आला, काहींच्या हातात तर भरपूर आला. तरीही माझं मत असं की, मूळ प्रश्न पैशाचा नव्हताच, आणि तो होता तिथेच आहे.

१९०५ साली फुटबॉलच्या मैदानावर इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घ्यावं लागलं. त्या गोंधळातून १९०६ मध्ये एक संघटना उभी राहिली. पुढे तिचंच नाव एनसीएए झालं. तिचा जन्म मुलांचा जीव वाचवण्यासाठी झाला, हे लक्षात ठेवावं. पुढची अनेक दशकं मात्र तिची बरीचशी ताकद कोणत्या मुलाला कोणी गुपचूप किती डॉलर दिले हे शोधण्यात गेली. कार्नेगी फाउंडेशनने १९२९ साली शंभराहून अधिक कॉलेजं तपासली, तेव्हा बहुतेक ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसे मिळत असल्याचं दिसलं. शेवटी १९५६ मध्ये एनसीएएने सरळ खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला मान्यता दिली. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, बस्स. त्याच्यावर फार तर धुलाईखर्चाला महिन्याला पंधरा डॉलर.

नेमक्या याच काळात कोलोरॅडो राज्यात दोन खटले झाले. या विषयावर मला एकच गोष्ट सांगायची परवानगी मिळाली, तर मी या खटल्यांचीच सांगेन.

डेन्व्हर विद्यापीठाचा अर्नेस्ट नेमेथ सरावात पाठीला दुखापत करून बसला. विद्यापीठाने त्याला आवारातली टेनिसची मैदानं साफ ठेवण्यासारखी कामं दिली होती, त्याचे पैसे मिळत आणि जेवणही. पण ते काम टिकायचं ते फुटबॉल संघात टिकलं तरच. नेमेथने कामगार-भरपाईचा दावा केला. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला: हा मुलगा फुटबॉल खेळण्यासाठीच नोकरीला ठेवला होता, दुखापत खेळताना झाली, भरपाई द्या. देशभरच्या विद्यापीठांच्या पोटात गोळा आला. हा निकाल पसरला तर प्रत्येक मोडलेलं हाड विद्यापीठाच्या हिशेबात येणार.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच राज्यातल्या फोर्ट लुइस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, तेव्हा तो तिथला कामगार नव्हे, असं कारण दिलं गेलं.

या दोन निकालांच्या मधल्या काळात एनसीएएचे कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी आणि त्यांच्या वकिलांनी एक शब्द घडवला: स्टुडंट-अ‍ॅथलीट. नियमपुस्तकात, पत्रकांत, समालोचनात, सगळीकडे हाच शब्द वापरायचा असा दंडक घातला. वाचताना हा शब्द निरुपद्रवी वाटतो. विद्यार्थी आहेत, खेळाडू आहेत, त्यात काय एवढं? पण तो कामगार-आयोगांसमोर उभी करायची भिंत म्हणून घडवला होता, ही कबुली बायर्स यांनी स्वतःच १९९५ साली आपल्या आत्मकथनपर पुस्तकात दिली. ज्या माणसाने १९५१ पासून १९८७ पर्यंत ही संस्था चालवली, त्यानेच निवृत्तीनंतर हे मुलांचं शोषण आहे असं लिहून ठेवलं. आयुष्यभर देवळाची दानपेटी सांभाळणाऱ्या पुजाऱ्याने शेवटी देवच नाही म्हणावं, तशातली ही गत.

ही भिंत किती पक्की होती, ते केंट वॉलड्रेपच्या प्रकरणात दिसलं. टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा हा रनिंग बॅक १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये अलाबामाविरुद्ध खेळताना पडला आणि मानेखालचं शरीर लुळं झालं. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याने कामगार म्हणून भरपाई मागितली. वाद वरखाली होत राहिला आणि २००० साली टेक्ससच्या अपील न्यायालयाने सांगितलं की तो कर्मचारी नव्हता. पंचवीस वर्षं चाकाच्या खुर्चीत काढलेल्या माणसाला हे उत्तर मिळालं. फी माफ केली होती की, आणखी काय हवं!

फी माफ होणं ही लहान गोष्ट नाही, हेही आधीच कबूल करून टाकतो. अमेरिकेत शिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेऊन चाळिशी गाठणारी माणसं पावलोपावली भेटतात. चार वर्षांचं शिक्षण, राहणं, खाणं, उत्तम डॉक्टर, फिजिओ, शिकवणीला माणूस, हे सगळं फुकट मिळत असेल तर त्याचं मोल लाख-दोन लाख डॉलरच्या घरात जातं. एनसीएएचा युक्तिवाद हाच होता: शिक्षण हाच मोबदला.

हा मोबदला प्रत्यक्षात कसा हातात पडायचा ते पाहू. नॉर्थवेस्टर्न हे शिकागोजवळचं नामांकित, अभ्यासू विद्यापीठ. तिथल्या संघाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर आणि त्याचे सोबती यांनी २०१४ मध्ये युनियनसाठी अर्ज केला. सुनावणीत एकेक गोष्ट पुढे आली. हंगामात आठवड्याला चाळीस ते पन्नास तास फुटबॉलचे, ऑगस्टच्या शिबिरात पन्नास ते साठ. एनसीएएची कागदावरची मर्यादा वीस तासांची. प्रवास, उपचार, ‘स्वेच्छेचा’ व्यायाम त्यात धरायचेच नाहीत म्हटल्यावर वीस काय आणि दहा काय. कुठे राहायचं, कोणती गाडी वापरायची, समाजमाध्यमांवर काय लिहायचं यावर कोचची नजर. कोल्टरला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा तास सकाळच्या सरावावर येत होता. सराव हलला नाही, तास सोडावा लागला, आणि अखेर तो मानसशास्त्राकडे वळला. त्याच संघाने दशकभरात विद्यापीठाला साडेतेवीस कोटी डॉलरचं उत्पन्न मिळवून दिल्याचं त्याच सुनावणीत नोंदलं गेलं. राष्ट्रीय कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने ही मुलं कामगार आहेत असा निवाडा दिला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या मुख्य मंडळाने या प्रकरणात आम्ही अधिकार वापरणार नाही म्हणत हात वर केले. कामगार आहेत की नाहीत, ते बोललेच नाहीत.

नॉर्थवेस्टर्नमध्ये निदान तास खरे होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अठरा वर्षं असे वर्ग चालले ज्यांत वर्गच भरत नसे. शेवटी एक निबंध टाकायचा आणि बरे गुण घ्यायचे. तीन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी याचा लाभ घेतला आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास खेळाडू होते. २०१४ च्या चौकशी अहवालात हे सगळं आलं. २०१७ मध्ये एनसीएएने निर्णय दिला की हे वर्ग खेळाडूंसाठी राखीव नव्हते, कोणालाही घेता येत होते, म्हणून आमच्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही. पोरांनी चार डॉलर घेतले तर हंगाम रद्द. विद्यापीठाने पोरांचं शिक्षणच खाल्लं तर नियमच नाही. आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकून होतो. इथे आवळाही पोकळ निघाला.

आता कोहळ्याकडे वळू.

२० फेब्रुवारी २०१९, ड्यूक विद्यापीठाचं मैदान, समोर हाडवैरी नॉर्थ कॅरोलायना. तिकिटांचे भाव हजारो डॉलरवर गेलेले. प्रेक्षकांत बराक ओबामा. सगळे आले होते झायन विल्यमसनला पाहायला: अठरा वर्षांचा, पहिल्याच वर्षाचा, रेड्यासारखा दणकट आणि मांजरासारखा चपळ. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नाही, तोच वळताना त्याचा डावा पाय घसरला आणि बूट फाटून तळवा अख्खा बाहेर आला. गुडघा मुरगळला, झायन गेला आत. दुसऱ्या दिवशी नायकेचा शेअर सुमारे एक टक्क्याने घसरला. या मुलाच्या पायावर एका जागतिक कंपनीच्या बाजारभावातले शंभर कोटी डॉलर हलतात, हे जगाने आकड्यात पाहिलं. त्या बुटाचे पैसे नायके ड्यूकशी केलेल्या कराराखाली देत होती. झायनने ते घालायचे एवढंच त्याचं काम. त्याला त्यातलं काही घेण्याची मुभा नव्हती.

मग तो थेट व्यावसायिक लीगमध्ये का गेला नाही? जाऊ देत नव्हते. एनबीएला खेळाडू एकोणीस वर्षांचा लागतो. फुटबॉलच्या एनएफएलला शाळा सुटून तीन वर्षं व्हावी लागतात. मधली वर्षं काढायला कॉलेजच उरतं. आणि कॉलेजातून पुढे व्यावसायिक होणारे, एनसीएएच्याच आकडेवारीप्रमाणे, या दोन खेळांत दोन टक्क्यांहूनही कमी. बाकीच्यांची सगळ्यात मोलाची वर्षं हीच, आणि ती तेव्हा फुकट.

पैसा कुठे जातो ते बघायचं असेल तर कोचच्या पगाराकडे बघावं. खेळाडूला द्यायचा नव्हता आणि भागधारकही नाहीत, तर तो कुठे मुरणार? बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, कुलगुरू नसतो. फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जिंबो फिशर या कोचला काढलं. करार शिल्लक होता, म्हणून घरी बसायचे त्याला सुमारे साडेसात कोटी डॉलर द्यायचे ठरले. आपल्या हिशेबाने सहाशे कोटी रुपयांहून जास्त, काम न करण्याबद्दल. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच.

त्याच विद्यापीठाच्या गावी, कॉलेज स्टेशनला, एका शनिवारी मी सामना पाहिला. भाचा तिथे एमएस करत होता. काइल फील्ड नावाच्या त्या मैदानात लाखावर माणसं मावतात. शुक्रवारी मध्यरात्री त्याच मैदानावर नुसत्या घोषणांचा सराव होतो आणि त्यालाही हजारो लोक जमतात. सामन्याला विद्यार्थी पूर्ण वेळ उभे. संघात एखादा कमी पडला तर आपण उतरायला तयार, अशी १९२२ पासूनची रीत आहे. गाणं सुरू झालं की सगळे एकमेकांच्या खांद्यात हात घालून डोलतात आणि वरच्या मजल्याचं काँक्रीट पायाखाली खरोखर हलतं. पंढरीची वारी आणि इडन गार्डन यांच्या अधेमधे कुठेतरी बसेल असं काहीतरी. मला ते आवडलं, हे लपवत नाही. विरोध करायला गेलेला माणूस दुसऱ्या क्वार्टरला घसा बसवून घेतो.

रात्री भाच्याच्या खोलीवर चार मराठी पोरं जमली होती. दोघं विद्यापीठाच्या खानावळीत काम करत. परदेशी विद्यार्थ्याच्या एफ-वन व्हिसावर आवारातच काम करता येतं, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास. तासाप्रमाणे पैसे, दर पंधरवड्याला पगारपत्रक, कर कापून. हात भाजला तर अर्ज करायला खिडकी आहे. बोलता बोलता त्यांतला एक म्हणाला, ‘‘म्हणजे काका, बशा विसळतो तो मी एम्प्लॉयी, आणि ज्याच्यासाठी लाख लोक आले तो नाही.’’ पोरगा इंजिनिअरिंगचा. कायद्याचा गंध नाही. पण त्याच्या हाताला लागलेला धागा फिलाडेल्फियाच्या न्यायालयात पोहोचलेला होता.

व्हिलानोव्हा विद्यापीठाचा माजी फुटबॉलपटू ट्रे जॉन्सन आणि इतरांनी २०१९ मध्ये तिथे दावा टाकला. त्यांचा मुद्दा असा: सामन्याच्या दिवशी तिकिटं फाडणारे, पॉपकॉर्न विकणारे विद्यार्थी किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरतात. त्यांच्यावर देखरेख असते, वेळ नोंदली जाते. आमच्यावर तर त्याहून कडक देखरेख आहे, आमचा तर मिनिटामिनिटाचा हिशेब आहे. मग आम्ही कोण? २०२४ च्या जुलैत तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने सांगितलं की केवळ ‘हौशी’ म्हटल्याने खेळाडू कायद्याबाहेर जात नाहीत; प्रत्यक्ष परिस्थिती पाहून ठरवा. खटला खालच्या न्यायालयात परत गेला.

दरम्यान दुसऱ्या वाटेने भिंतीला भगदाडं पडत गेली. ही वाट कामगार कायद्याची नव्हे, मक्तेदारीविरोधी कायद्याची. यूसीएलएला १९९५ चं विजेतेपद मिळवून देणारा एड ओबॅनन मित्राच्या घरी गेला असता मित्राच्या मुलाच्या व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःलाच खेळताना पाहावं लागलं: तोच नंबर, तोच डावरा हात. विकत कोणी घेतलं? मित्राने. पैसे कोणाला? ओबॅनन सोडून सगळ्यांना. २००९ मध्ये त्याने दावा केला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की खेळाडूला स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता आले पाहिजेत. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली ती बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या टीव्ही कार्यक्रमात बसून. आणि २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. शिक्षणाशी निगडित लाभांवर मर्यादा घालता येणार नाही, एवढाच तो निकाल होता; पण न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी वेगळं मत जोडून विचारलं की, पगार न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य आहे असं म्हणून कामगारांना बाजारभाव नाकारणं अमेरिकेत दुसऱ्या कोणत्या धंद्याला चाललं असतं? एनसीएएला इशारा पुरला. १ जुलै २०२१ पासून नाव-चेहरा-प्रतिमेच्या करारांना दार उघडलं. फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठाच्या हेली आणि हॅना कॅव्हिंडर या जुळ्या बास्केटबॉलपटू त्याच दिवशी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर झळकल्या.

पुढे जे झालं ते गमतीचं आणि थोडं केविलवाणं आहे. विद्यापीठाने पगार द्यायचा नाही, म्हणून श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी मंडळं काढली आणि जाहिरातीच्या नावाखाली पगार सुरू केले. लेखी काहीच नाही किंवा लेखी असेल तर एकतर्फी. नेव्हाडा-लास व्हेगासचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका २०२४ मध्ये पहिले तिन्ही सामने जिंकून संघ सोडून निघून गेला. कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असा त्याच्या बाजूचा दावा होता. तर केंटकीचा ऑस्कर शीब्वे, २०२२ मधला देशातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू, काँगोचा. विद्यार्थी-व्हिसावर अमेरिकेत जाहिरातींतून कमाई करता येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा त्याने तिथल्या वाळूवर भराभर जाहिराती उरकून घेतल्या. अमेरिकेच्या जमिनीवर तो पुतळा, बहामाला पाय लागला की ब्रँड.

व्हिसाची ही अडचण आपल्याही मुलामुलींची आहे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडूनच टेनिस खेळली. पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत तिने मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून, तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून खेळून राष्ट्रीय विजेते झाले. या मुलांच्या बाजूने पाहिलं की चित्र बदलतं. टेनिसच्या कॉलेज सामन्याला तिकीट काढून येतो कोण? उत्पन्न शून्याच्या जवळ. मैदानं, कोच, प्रवास, शिष्यवृत्त्या यांचा खर्च मात्र पूर्ण. अशा खेळाडूला जे मिळतं ते योग्य मोबदल्याहून जास्तच आहे, असं मला वाटतं. भारतातून व्यावसायिक टेनिसची शिडी चढायला घरचे लाखो रुपये लागतात. तिथे चार वर्षं उत्तम सराव आणि वर पदवी, असा सौदा दुसरीकडे कुठे नाही.

पण हा खर्च भागतो तो काइल फील्डवरच्या शनिवारांतून. तिथे डोकं आपटणारी मुलं बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि बऱ्याचदा गरीब घरची; टेनिस, गोल्फ, पोहणं यांतली अमेरिकन मुलं तुलनेने गोरी आणि खाऊनपिऊन सुखी घरांतली. काही अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये हा पैशांचा ओघ मोजून दाखवला: गरीब घरच्या मुलांच्या कमाईतून सुखवस्तू घरांतल्या मुलांचे खेळ चालतात आणि कोचचे पगार वाढतात. एनसीएए मात्र कायम टेनिसपटूला पुढे करून फुटबॉलपटूबद्दल बोलत आली. ‘आमचे पाच लाख विद्यार्थी-खेळाडू’ म्हटलं की त्यात अलाबामाचा क्वार्टरबॅकही झाकला जातो आणि एखाद्या छोट्या कॉलेजची तलवारबाजही.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश विल्कन यांनीच ‘हाउस’ तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. पोहणारा ग्रँट हाउस या मुलाच्या नावाने हा खटला २०२० पासून चालू होता. २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागील भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत. आणि इथून पुढे विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं: पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. वर्तमानपत्रांनी ‘हौशीपणाचा अंत’ असे मथळे दिले. जुन्या नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगने आम्ही यात नाही म्हणून सांगितलं. कॅल पॉली या विद्यापीठाने मंजुरीआधीच, मार्चमध्ये, पोहण्याचा संघ बंद केला. येऊ घातलेल्या तडजोडीचा बोजा हे एक कारण सांगितलं. सुक्याबरोबर ओलं जळतं, आणि जलतरणपटूच्या नावाने लढलेल्या खटल्यात ते जळालं याची नोंद घ्यावीशी वाटते.

ही मर्यादा ठरली कशी? मोठ्या विद्यापीठांच्या ठराविक उत्पन्नाच्या सरासरीच्या २२ टक्के. एनएफएल आणि एनबीएमध्ये खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. तिथेही मर्यादा आहेच, पण तिच्या कागदावर खेळाडूंच्या युनियनची सही असते. हॉटेलात बसून भांडून, संपाची धमकी देऊन, टाळेबंदी सोसून ठरलेला आकडा असतो तो. इथे आकडा ठरवला विद्यापीठांनी आणि दावेदारांच्या वकिलांनी. पुढच्या दहा वर्षांत जी मुलं खेळणार आहेत, त्यांतली बरीच आज प्राथमिक शाळेत आहेत. त्यांचं वेतन आधीच बांधलं गेलं, त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. पूर्वी शून्यावर संगनमत होतं, आता दोन कोटींवर आहे, असं एखादा खवट वकील म्हणाला तर मी त्याला अडवणार नाही.

बायकांच्या वाट्याचं तर विचारूच नका. मागील भरपाईतला सुमारे नव्वद टक्के भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जायचा आहे. कारण, म्हणे, टीव्हीचं उत्पन्न त्यांचं. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कच्या आयोवाचा आणि साउथ कॅरोलायनाचा महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. तरी स्पर्धेत जिंकल्याबद्दल महिला संघांच्या विद्यापीठांना एनसीएएच्या निधीतून वाटा मिळायला २०२५ उजाडावं लागलं. त्याआधी २०२१ मध्ये त्यांच्या स्पर्धेत व्यायामशाळा म्हणून डंबेल्सची एक घोडी मांडली होती आणि पुरुषांना सुसज्ज दालन. सेडोना प्रिन्स या खेळाडूने त्याचा व्हिडिओ टाकला तेव्हा कुठे संस्थेला लाज वाटली. तडजोडीतल्या वाटपाविरुद्ध महिला खेळाडू अपिलात गेल्या, कारण १९७२ च्या टायटल नाइन कायद्यात शिक्षणसंस्थांनी लिंगभेद करायचा नाही असं स्पष्ट आहे. त्यांचं म्हणणं मला बिनतोड वाटतं. मुलींच्या सामन्यांचं उत्पन्न कमी राहिलं ते कोणी राहू दिलं, हा हिशेब त्या २८० कोटींत कुठेच मांडलेला नाही.

दुखापतीचं काय? ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएने कॉलेज सोडल्यानंतर दोन वर्षांपर्यंत, प्रत्येक दुखापतीमागे नव्वद हजार डॉलरपर्यंतचा विमा सुरू केला. आधी जवळजवळ काहीच नव्हतं त्यापेक्षा हे बरं. पण गुडघ्याची कूर्चा आणि मेंदूला बसलेले धक्के दोन वर्षांचं वेळापत्रक पाळत नाहीत; फुटबॉलपटूंच्या मेंदूच्या आजाराची लक्षणं पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी दिसतात. कामगार-भरपाई हा हक्क असतो, विमा योजना ही कृपा असते आणि कृपा ठरावाने बंद करता येते. नेमेथला मिळालं आणि डेनिसनच्या बायकोला नाकारलं गेलं, ते करोडोंच्या करारांच्या या दिवसांतही कोणत्याच खेळाडूला मिळालेलं नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलेलं स्कोअर विधेयक तर खेळाडूंना कर्मचारी मानताच येणार नाही अशी कायद्याचीच तटबंदी मागतं आणि सोबत विद्यापीठांना मक्तेदारीविरोधी दाव्यांपासून अभय. पैसे हवेत तेवढे घ्या, फक्त तो एक शब्द मागू नका.

तो शब्द मागायचं धाडस झालं ते एका अनपेक्षित ठिकाणी. डार्टमथ हे आयव्ही लीगमधलं कॉलेज. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नाही, बास्केटबॉल संघ मोठा विजेताही नाही. संघातला केड हॅस्किन्स फावल्या वेळात कॉलेजच्या भोजनगृहात काम करायचा. तिथल्या विद्यार्थी-कामगारांनी युनियन केली आणि तासाचा दर एकवीस डॉलरपर्यंत चढवून घेतला. हॅस्किन्स आणि मित्रांच्या डोक्यात किडा वळवळला: बशांना लागू आहे ते चेंडूला का नाही? ५ मार्च २०२४ रोजी पंधरा खेळाडूंनी मतदान केलं, तेरा विरुद्ध दोन, युनियनच्या बाजूने. कॉलेजने वाटाघाटीला बसायला नकार दिला. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या निवडणुकीने सत्ताबदल ठरला. नवं कामगार मंडळ विरोधात निकाल देईल आणि तो निकाल देशभरच्या खेळाडूंच्या गळ्यात पडेल, हे ओळखून ३१ डिसेंबरला युनियनने अर्ज मागे घेतला. भोजनगृहाची युनियन आणि तिथला दर मात्र कायम राहिले.